कॅराव्हॅन, मुक्काम आणि मुलांचं घर: काही गैरसमज, काही वस्तुस्थिती

निवृत्तीनंतर नवरा-बायकोने पलंग, ओटा आणि संडास असलेली गाडी घ्यायची आणि कोकणापासून केरळपर्यंत मनाला येईल तिथे मुक्काम करत, वाटेत मुलांकडे-भावंडांकडे डोकावत फिरायचं, हे स्वप्न पुण्यात आता बऱ्याच घरांत बोललं जातं. स्वप्न चांगलं आहे आणि पुरं होण्यासारखंही आहे. पण कॅराव्हॅनबद्दल आपल्याला जे माहीत असतं ते बहुतेक परदेशी व्हिडिओंतून आलेलं असतं. त्यातल्या कितीतरी समजुती इथल्या रस्त्यांवर आणि कायद्यापुढे टिकत नाहीत. फंडाचे पैसे त्यात घालण्याआधी त्या तपासून घ्यायला हव्यात.

सगळ्यात महागात पडणारा समज असा: "जुनी ट्रॅव्हलर घेऊ आणि ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून आत सगळं करून घेऊ." मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी जुळणार नाही असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून मोठी भीती विम्याची आहे. अपघातानंतर सर्व्हेयर आला आणि आरसीवर बारा आसनांची मिनीबस, आत मात्र पलंग आणि गॅसची शेगडी असं त्याला दिसलं, तर दावा अडकतो.

सरळ रस्ता आहे आणि तो पुण्याच्या दारातच आहे. मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-124 हे वेगळं मानक आहे. त्यानुसार गाड्यांना मंजुरी देणाऱ्या संस्थांपैकी एआरएआय ही 1966 साली स्थापन झालेली संस्था पौड रोडच्या वर, तिच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या टेकडीवर आहे. ज्या ट्रॅव्हलरवर आपल्याकडच्या बऱ्याच कॅराव्हॅन बांधल्या जातात ती बनवणारी फोर्स मोटर्स, म्हणजे जुनी बजाज टेम्पो, आकुर्डीची. विकणारा कितीही गोड बोलला तरी मंजुरीचं प्रमाणपत्र मागा आणि आरसीवर गाडीचा प्रकार काय लिहिलाय ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.

"एवढी मोठी गाडी चालवायला हेवी लायसन्स लागतं" आणि "साठीनंतर लायसन्स मिळत नाही" ही दोन्ही वाक्यं चुकीची आहेत. एकूण वजन 7,500 किलोपर्यंत असलेली गाडी हलक्या वाहनांत मोडते. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानेही यावर शिक्कामोर्तब केलं. ट्रॅव्हलरसारखी गाडी या मर्यादेच्या बरीच आत बसते. वयाची वरची मर्यादा कायद्यात नाही. पंचावन्ननंतर लायसन्स पाच-पाच वर्षांनी नवं करायचं आणि डॉक्टरचं प्रमाणपत्र जोडायचं, एवढंच. माझा आग्रह दुसऱ्याच गोष्टीचा आहे: लायसन्स दोघांकडे हवं. पुण्यातल्या कितीतरी काकूंनी आयुष्यभर लुना आणि स्कूटर चालवली, पण चारचाकीचं लायसन्स काढलं नाही. आंबोली घाटात काकांना चक्कर आली तर गाडी बाजूला घेणारं दुसरं माणूस गाडीतच असलं पाहिजे.

परराज्यात शिरताना टॅक्स भरावा लागतो, ही समजूत भाड्याच्या गाड्यांवरून आली आहे. स्वतःच्या वापराची कॅराव्हॅन बिगर-वाहतूक वर्गात मोडते, तिला परवाना लागत नाही. फक्त एकाच परराज्यात ती बारा महिन्यांपेक्षा जास्त राहिली तर तिथे नव्याने नोंदणी करावी लागते. ज्येष्ठ नागरिक म्हणून टोल मात्र कुठेही माफ नाही. 15 ऑगस्ट 2025 ला 3,000 रुपयांत सुरू झालेला वार्षिक फास्टॅग पास राष्ट्रीय महामार्गांवर 200 फेऱ्यांपर्यंत चालतो, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर नाही. शिवाय तो कार, जीप, व्हॅन या वर्गालाच मिळतो, म्हणून गाडीची नोंदणी कोणत्या वर्गात आहे ते आधी पाहा.

आता मुक्कामाकडे येऊ, कारण खरी परीक्षा तिथे आहे. महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं, केरळनेही त्याच वर्षी 'केरवन केरळ' जाहीर केलं. म्हणून आता जागोजागी कॅराव्हॅन पार्क असतील असं अनेकांना वाटतं. तसं नाही. धोरणाने वाट मोकळी केली, पण सलग मुक्कामांची साखळी अजून उभी राहिलेली नाही. आणि वाटेल तिथे गाडी लावून झोपता येतं हेही खरं नाही. भीमाशंकरसारख्या अभयारण्यात परवानगीशिवाय रात्र काढणं बेकायदा आहे, समुद्राच्या वाळूत गाडी उतरवणं घातक आहे, आणि पवनेच्या काठावर मोकळी दिसणारी जमीन कुणाच्या तरी सातबाऱ्यावर असते.

मग थांबायचं कुठे? माझं पहिलं उत्तर कृषी पर्यटन केंद्र. बारामती भागात सुरू झालेल्या केंद्रापासून ही चळवळ वाढली आणि 2020 मध्ये राज्याने तिच्यासाठी धोरण केलं. जुन्नर, मुळशी, भोर भागात अशी केंद्रं आहेत. सपाट अंगण, विहिरीचं पाणी, घरचं पिठलं-भाकरी आणि हाकेच्या अंतरावर माणसं, निवृत्त जोडप्याला आणखी काय हवं? दुसरं उत्तर एमटीडीसीची निवासं: पानशेत, कार्ला, गणपतीपुळे, तारकर्ली. दोन्हीकडे आधी फोन करून तीन गोष्टी विचारायच्या: गाडीच्या उंचीला आणि लांबीला फाटक पुरतं का, रात्रभर वीज जोडता येईल का, संडासाची टाकी कुठे रिकामी करायची.

असे ठरलेले मुक्काम आपल्याला परके नाहीत. आषाढी वारीतली प्रत्येक दिंडी ट्रक, पाण्याचा टँकर, राहुट्या आणि शिधा घेऊन निघते. आजचा मुक्काम कुठे हे कित्येक वर्षं आधीच ठरलेलं असतं, आणि सत्तरीतली माणसं त्या शिस्तीवर विसंबून पंढरपूर गाठतात. कॅराव्हॅनच्या प्रवासाला हीच रीत लावावी. दिवसाला दोन-अडीचशे किलोमीटर, म्हणजे पुणे ते कोल्हापूर एवढं, आणि अंधार पडायच्या आत गाडी उभी. मोतीबिंदू वाढत असताना समोरून येणाऱ्या दिव्यांचा त्रास किती होतो हे त्या वयाच्या माणसाला सांगायला नको.

"आत एसी आहे, बॅटरी आहे, मग काय?" या प्रश्नाचं उत्तर हिशेबाने द्यावं लागतं. 12 व्होल्ट, 150 अँपिअर-अवर बॅटरीत 1.8 युनिट वीज मावते. साधी लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नसते, म्हणजे हाती राहतं 0.9 युनिट. दीड टनी एसी तासाला साधारण दीड युनिट खातो. एसी तासभरही चालत नाही. दिवे, पंखा, मोबाइल आणि छोटा फ्रिज मात्र रात्रभर आरामात चालतात. एसी हवा असेल तर बाहेरची वीज घ्यावी लागते. शेतावरच्या 15 अँपिअरच्या सॉकेटला जोडताना एक्स्टेन्शनची वायर जाड हवी आणि तिची गुंडाळी पूर्ण उलगडायची. गुंडाळलेली वायर आतून तापते आणि वितळते.

संडासाची कॅसेट साधारण वीस लिटरची. दोघांना ती दोन-तीन दिवस पुरते. ती नेहमी संडासातच ओतायची, ओढ्यात किंवा शेतात कधीच नाही, आणि त्यातलं रसायन सेप्टिक टँकला चालणारं घ्यायचं. गॅसबद्दल मी काटेकोर आहे: घरगुती 14.2 किलोचा सिलिंडर आत आडवा टाकून नेणं बंद. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर तळाशी साचतो, म्हणून हवेच्या जाळ्या खालच्या बाजूला हव्यात. थंडीत ऊब म्हणून आत कोळसा पेटवण्याचा विचारही नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

कुटुंबाकडे जाण्याबद्दलचा समज प्रेमातून आलेला असतो: "आपण गाडीतच झोपू, मुलांना त्रास नको." बंगळूरच्या किंवा हैदराबादच्या सोसायटीत इतकी उंच गाडी स्टिल्टखाली जातच नाही, तळघरात तर नाहीच. पाहुण्यांच्या जागेत रात्रभर माणसं झोपलेली गाडी उभी करायला सेक्रेटरीची परवानगी लागते, आणि ती बहुतेक मिळत नाही. आणि आई-बाबा खाली गाडीत झोपलेत हे कोणत्या मुलीला बघवेल? गाडी जवळच्या भाड्याच्या पार्किंगमध्ये लावा आणि वर घरात झोपा. नातवंडांना फिरवून आणताना मागच्या पलंगावर लोळू देऊ नका. चालत्या गाडीत प्रत्येकाला आसन आणि पट्टा हवा. पट्टा नसेल तर 1,000 रुपये दंड आहे, पण पलंगावरचं मूल जोराचा ब्रेक लागल्यावर कुठे आपटेल ते दंडाहून महत्त्वाचं.

पैसे वाचतात, हा समजही सोडा. लिटरला दहा किलोमीटर धरलं तर पुणे-बंगळूर सुमारे 840 किलोमीटरला एका बाजूने 84 लिटर डिझेल लागतं, नव्वदच्या भावाने साडेसात हजार रुपये, टोल वेगळा. मार्च 2020 मध्ये बंद झालेली रेल्वेची ज्येष्ठांची सवलत परत आलेली नाही, तरी दोघांचं तिकीट यापेक्षा स्वस्तच पडतं. एसटीत तर पंचाहत्तरीनंतर प्रवास मोफत आहे. फक्त मुलांना भेटायचं असेल तर गाडी घेऊ नका. वाटेतले मुक्काम हवे असतील तरच घ्या, आणि त्याआधी आठवडाभर एखादी भाड्याने घेऊन पाहा.

आजारपणाची धास्ती मात्र आता थोडी कमी झाली आहे. ऑक्टोबर 2024 पासून सत्तरीपुढच्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचारांचं संरक्षण आहे. ते परराज्यातल्या योजनेतील रुग्णालयांतही चालतं. या योजनेचं वय वंदना कार्ड प्रवासाला निघण्याआधी काढून ठेवा. न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंशांत राहायला हवं, त्यासाठी छोटा फ्रिज बॅटरीवर सतत चालू ठेवा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी 1033, बाकी कुठेही 112.

मुलं अमेरिकेत असतील तर तिथल्या आरव्हीचा मोह होतोच, आणि तिथे कॅम्पग्राउंडची सोय खरोखर दांडगी आहे. पण दहा वर्षांचा व्हिसा म्हणजे हवं तितकं राहणं नव्हे. मुक्कामाची तारीख विमानतळावरचा अधिकारी आय-94 या प्रवेशनोंदीवर ठरवतो. भारतीय लायसन्ससोबत पुण्याच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना घेऊन जा, तो एक वर्ष चालतो. राष्ट्रीय उद्यानांचा ज्येष्ठांसाठीचा स्वस्त पास मात्र आपल्याला लागू नाही. तो तिथल्या नागरिकांना आणि कायमच्या रहिवाशांनाच मिळतो, भेटीला गेलेल्या आई-वडिलांना नाही.