बाराशेपासून आठ लाखांपर्यंत

वर्षाला बाराशे रुपयांहून कमी मिळकत असलेल्या घरातल्या मुलांना यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने १९५९ च्या सुमारास फी माफ केली. ‘ईबीसी’ (आर्थिकदृष्ट्या मागास वर्ग) ही तीन अक्षरं तेव्हापासून खेड्यापाड्यांत रुळली. जात न विचारता मिळकत विचारणारी ही सवलत होती. कुणब्याचं पोर उत्पन्नाचा दाखला घेऊन कॉलेजात जाऊ लागलं ते तिच्यामुळे.

त्याआधी गरिबांच्या शिक्षणाचा भार संस्थानिकांनी आणि ध्येयवेड्या माणसांनी उचलला होता. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहं उभी केली. भाऊराव पाटलांनी १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं; तिथे मुलं कष्ट करून शिकायची आणि तिथेच राहायची. गरिबाच्या मुलाला फीपेक्षा दोन वेळचं जेवण आणि पाठ टेकायला जागा महाग पडते, हे दोघांनी नेमकं ओळखलं होतं. सरकारने मात्र फीपुरताच विचार केला. अनुदानित कॉलेजांची फीच तेव्हा माफक होती, त्यामुळे तिजोरीलाही ते झेपलं.

हे गणित १९८३ नंतर बिघडलं. मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. जागा भरपूर झाल्या, बंगळुरूकडे जाणारी मुलं इथेच थांबली. पण फी शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर गेली. ईबीसीची उत्पन्नमर्यादा मात्र सरकत सरकत कशीबशी एका लाखावर पोचली होती. मराठा आरक्षणाच्या मोर्चांनी रस्ते भरले तेव्हा, २०१६ मध्ये, ती एकदम सहा लाख झाली. पुढे आठ लाख. योजनेला शाहू महाराजांचं नाव मिळालं, पण व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी अर्धीच माफ. पंजाबराव देशमुखांच्या नावाने वसतिगृहाचा निर्वाह भत्ता सुरू केला, हे त्यातल्या त्यात शहाणपणाचं काम. अर्ज सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर गेले, तरी पैसे उशिरा येण्याची तक्रार कायम राहिली.

जुलै २०२४ मध्ये आर्थिक दुर्बल, ओबीसी आणि मराठा आरक्षणातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. अट आठ लाखांची, आणि प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून हवा. व्यवस्थापन कोट्याला सवलत नाही. निर्णय चांगलाच. पण लातूरची मुलगी पुण्यात आली की तिचा बाप पहिल्यांदा विचारतो ते खोलीभाडं आणि मेसचा दर, आणि हे दोन्ही या माफीत बसत नाहीत.