भट्टी पेटते, सिलिंडर गोठतो

पत्र्याच्या शेडमध्ये गॅसवरची भट्टी धडधडत असते, आतले लोखंड लालभडक होते, आणि तिला गॅस पुरवणाऱ्या सिलिंडरच्या खालच्या अंगावर मात्र दव जमते. काम लांबले तर पांढरे हिमही धरते. ही दवाची रेघ जिथे थांबते, साधारण तिथपर्यंत आत द्रव उरलेला असतो.

प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सियसला उकळतो. म्हणजे आपल्या कोणत्याही ऋतूत तो उकळायलाच टेकलेला असतो. त्याला थोपवून धरते ती बंद सिलिंडरात साठलेली त्याचीच वाफ. २० अंश तापमानाला या वाफेचा दाब वातावरणाच्या आठपटीहून थोडा अधिक असतो. व्हॉल्व्ह उघडला की दाब उतरतो आणि द्रव उकळू लागतो. एक लिटर द्रवातून सुमारे २७० लिटर वायू निघतो. या उकळण्याला लागणारी उष्णता आधी द्रवातून आणि पोलादातून घेतली जाते, मग भोवतालच्या हवेतून. माठ ज्या न्यायाने पाणी गार करतो, तोच हा न्याय. एक किलो प्रोपेन जळताना सुमारे ४६,००० किलोज्यूल उष्णता देतो. तोच किलो द्रवाचा वायू व्हायला फक्त ३५० किलोज्यूल पुरतात. एवढे क्षुल्लक भांडवलही हवेकडून वेळेवर मिळाले नाही, तर भट्टी मंदावते.

सिलिंडर निम्मा उरला आहे आणि बाहेरून उष्णता आलीच नाही असे धरले, तर एक किलो वायू घेताना आतला द्रव सुमारे १० अंशांनी गार होतो. लहान भट्टीसुद्धा तासाभरात अर्धा ते एक किलो गॅस सहज खाते. शिवाय पातळी खाली गेली की द्रवाला टेकलेला पत्राही कमी, त्यामुळे अर्धवट सिलिंडर लवकर गारठतो. उणे २० अंशांना दाब वातावरणाच्या जेमतेम अडीचपट राहतो. अशा वेळी ज्योत लहान होते आणि ‘गॅस संपला’ म्हणून सिलिंडर बदलला जातो. दाबमापकावर विसंबणे व्यर्थ आहे. तो द्रवाचे तापमान सांगतो, शिल्लक नव्हे. शिल्लक कळते ती वजनकाट्यावर.

भारतात मिळणारा एलपीजी हे प्रोपेन आणि ब्युटेनचे मिश्रण असते. ब्युटेन उकळतो शून्याच्या किंचित खाली. त्यामुळे आधी प्रोपेन जास्त निघून जातो आणि तळाशी ब्युटेन वाढत जातो. निफाडच्या थंडीत पहाटे काम सुरू करणाऱ्याला सिलिंडरचा शेवटचा भाग रडतखडत का येतो, याचे उत्तर यात आहे. तळाशी कोमट पाण्याची परात ठेवणे चालते. सिलिंडर आडवा करणे मात्र घातक, कारण नळीत वायूऐवजी द्रव शिरतो. ज्योतीने शेकण्याबद्दल तर बोलायलाच नको.

आता याच एका सिलिंडरवर भट्टी, ब्रेझिंगचा टॉर्च आणि गॅसकटर अशी तीन तोंडे लावा. प्रत्येकाची भूक निराळी. घरगुती शेगडीचा रेग्युलेटर वातावरणापेक्षा जेमतेम तीन शतांश जास्त दाब देतो, तर भट्टीला वातावरणाएवढा किंवा त्याहूनही अधिक जादा दाब लागू शकतो. एकाच रेग्युलेटरपुढे नुसता ‘टी’ टाकला, तर भट्टी उघडताच शेजारच्या टॉर्चची ज्योत दबते, कारण नळीतला प्रवाह दुप्पट झाला की दाबातली घट जवळपास चौपट होते. म्हणून चांगल्या मांडणीत सिलिंडरवरचा पहिला रेग्युलेटर दाब मध्यम पातळीवर आणतो आणि पुढे प्रत्येक फाट्यावर स्वतःचा व्हॉल्व्ह व रेग्युलेटर असतो. सिलिंडर गारठून वरचा दाब उतरला, तरी या दोन पायऱ्यांमुळे ज्योत बरीच स्थिर राहते.

खरा धोका गॅसकटरचा. त्याला ऑक्सिजनही जोडलेला असतो आणि त्याचा दाब प्रोपेनपेक्षा कितीतरी जास्त. नोझल तुंबले तर ऑक्सिजन उलटा प्रोपेनच्या नळीत शिरू शकतो. स्वतंत्र सिलिंडर असता तर धोका त्या एका कारागिरापुरता राहिला असता. सामाईक नळीत तो सगळ्यांच्या दारी जातो. त्यासाठी फाट्यावर उलटा प्रवाह अडवणारा व्हॉल्व्ह आणि ज्वाळारोधक बसवतात. इंधनवायूच्या जोडांना उलटे आटे असतात, तेही अदलाबदल होऊ नये म्हणूनच. गळती तपासायची ती साबणाच्या फेसाने. प्रोपेन हवेच्या दीडपट जड असल्याने जमिनीलगत सरपटतो, म्हणून शेडमध्ये खड्डा किंवा उघडे गटार असेल, तर सिलिंडर तिथून दूर हवा. घरगुती लाल सिलिंडर कारखान्यात वापरणे बेकायदा आहे, हे माहीत असूनही तो दिसतोच.

एक सिलिंडर पुरेना, की दोन जोडायचे. काम वाटले गेल्याने दोन्ही कमी गारठतात. पण एक उन्हात आणि दुसरा सावलीत असेल, तर उन्हातल्या सिलिंडरमधली वाफ गार सिलिंडरात जाऊन पुन्हा द्रव होते. काहीही पेटवलेले नसताना एक रिकामा होत जातो आणि दुसरा मर्यादेबाहेर भरू शकतो; प्रसरणासाठी मुद्दाम सोडलेली जागा त्यात संपते. म्हणून मोठ्या कारखान्यांच्या गॅस बँकेत प्रत्येक सिलिंडरच्या नळीवर वायूला एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह असतो, आणि सगळी रांग एकाच सावलीत उभी केलेली असते.