धक्का जातो कुठे?

छोट्या विमानाचे पाय किती बळकट हवेत, या प्रश्नाचं उत्तर अमेरिकी नियमावलीनं अनेक वर्षं एका सरळ चाचणीत देऊन ठेवलं होतं: उचला आणि सोडून द्या. किती उंचीवरून सोडायचं, हे पंखाच्या दर चौरस फुटावर किती वजन येतं त्यावरून ठरायचं. पण कमीत कमी 9.2 इंच आणि जास्तीत जास्त 18.7 इंच. म्हणजे एक वीत ते एक हात. ऐकायला ही उंची किरकोळ वाटते. पण वीतभर उंचीवरून सुटलेलं विमान जमिनीला टेकतं तेव्हा सेकंदाला सुमारे 7 फूट वेगानं खाली येत असतं. विमान 800 किलोचं धरलं तर त्या क्षणी सुमारे 1,800 ज्यूल ऊर्जा पायांच्या स्वाधीन होते आणि काही इंचांच्या हालचालीत तिचा निकाल लावायचा असतो. घरी विमान बांधणाऱ्याला ही चाचणी बंधनकारक नाही. धक्का मात्र त्यालाही चुकत नाही, आणि तो शेवटी जातो कुठे हे त्याला स्वतःच शोधावं लागतं.

अमेरिकेत अशा विमानांचा स्वतंत्र वर्ग आहे. विमानाचं निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांनी स्वतःच्या शिक्षणासाठी आणि आनंदासाठी केलेलं असलं, की ते ‘एक्सपेरिमेंटल’ म्हणून नोंदवता येतं. मग त्याची दुरुस्ती कोणीही करू शकतो. दर बारा महिन्यांची तपासणी मात्र परवानाधारक मेकॅनिकनं करायची किंवा ज्यानं विमान बांधलं त्यानं, आणि बांधणाऱ्याला त्या एका विमानापुरतं तसं प्रमाणपत्र मिळतं. कारखान्यातून आलेल्या विमानाचा साधा कंसही मंजुरीशिवाय बदलता येत नाही. इथे मालक संध्याकाळी गॅरेजमध्ये बसून चाकाचा अख्खा पायच नव्यानं आखू शकतो. मला या स्वातंत्र्याचं फार मोल वाटतं. पण पायाच्या बाबतीत ते किती खोल पाण्यात नेतं, हे समजायला एका माणसाकडे वळायला हवं.

स्टीव्ह विटमन. जन्म 1904, विस्कॉन्सिन राज्यातला. लहानपणीच्या आजारानं एका डोळ्याची दृष्टी बहुतेक गेलेली. तरीही हा माणूस विमानांच्या शर्यतीत उतरला, तोही स्वतः बांधलेल्या विमानांनी, आणि 1931 पासून 1969 पर्यंत ऑशकॉश गावच्या विमानतळाचा व्यवस्थापक राहिला. आज तो विमानतळ त्याच्याच नावानं ओळखला जातो, आणि घरी विमानं बांधणाऱ्यांच्या ‘इ.ए.ए.’ संघटनेचा मोठा मेळावा 1970 पासून तिथे भरतो.

विटमनच्या तरुणपणी हलक्या विमानाचा पाय म्हणजे सांगाडा असे: नळ्यांचा त्रिकोण, मधे बिजागरी, आणि धक्का झेलायला रबरी धाग्यांची जाड दोरी, जिला बंजी म्हणतात. पायपर कबचे पाय असेच होते. ही रचना हलकी आणि स्वस्त, पण बिजागऱ्या झिजतात आणि रबर म्हातारं होतं. बंजीच्या वेष्टणात रंगीत धागे विणलेले असतात. रंगावरून ती कोणत्या वर्षी तयार झाली ते कळतं. जुनी विमानं सांभाळणारे आधी तो धागा बघतात.

विटमननं 1930च्या दशकात हा सगळा सांगाडा काढून टाकला आणि त्या जागी पोलादाचा एकसंध पट्टा लावला. मालमोटारीचा पाटा असतो त्याच जातीचा, फक्त एकाच पानाचा. वरचं टोक विमानाच्या पोटाला घट्ट, खालच्या टोकाला चाक. विमान टेकलं की पट्टा वाकतो, चाकं बाहेर फाकतात, मग पट्टा परत येतो. बिजागरी नाही, तेल नाही, रबर नाही. ही कल्पना सेसना कंपनीनं घेतली आणि दुसऱ्या महायुद्धानंतरच्या तिच्या 120, 140, 170 या विमानांखाली ती जगभर गेली. पुढे सेसना 172 हे जगात सर्वाधिक बनलेलं विमान ठरलं. त्याच्या मागच्या दोन चाकांचे पाय त्याच घराण्यातले.

निव्वळ स्प्रिंगला एक खोड असते: ती घेतलेली ऊर्जा परत देते. म्हणून विमान जोरात आपटलं की उडी मारतं. विटमनच्या पायात ही उडी थोडी तरी मरते ती टायरमुळे. चाकं बाहेर फाकताना टायर धावपट्टीवर आडवे घासतात आणि ऊर्जेचा काही भाग तिथेच खर्च होतो. ओल्या गवतावर ते सहज घसरतात, घर्षण कमी पडतं, आणि तोच पायलट तसंच विमान उतरवत असूनही उडी वेगळी येते.

1953मध्ये विटमननं टेलविंड नावाचं दोन आसनी विमान आणलं, तेही इतरांना घरी बांधता यावं म्हणून. त्याला पट्ट्याऐवजी टोकाकडे निमुळता होत गेलेला गोल पोलादी दांडा होता. दांडा हवेला कमी अडवतो. शिवाय तो वाकतो तसा पिळलाही जातो, म्हणजे धक्का दोन वाटांनी पसरतो. सेसनानंही 1971मध्ये 172चा चपटा पट्टा सोडून निमुळत्या पोलादी नळीचा पाय घेतला.

दांड्याचा हा पाय सर्वांत दूर नेला रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांनी. त्यांचं आरव्ही-3 हे विमान 1971मध्ये उडालं. त्यानंतर ऑरेगन राज्यातल्या त्यांच्या कंपनीच्या किटांमधून दहा हजारांहून जास्त आरव्ही विमानं लोकांनी घरी जोडली आणि उडवली. शेपटीखाली चाक असलेल्या आरव्ही-4, 6 आणि 7 या विमानांत पायाचा दांडा थेट इंजिन माउंटला वेल्ड केलेल्या खोबणीत बसतो आणि एक आडवा बोल्ट त्याला जागेवर धरतो. ही रचना हलकी आणि देखणी आहे. तिची किंमत अशी, की पायाला बसलेला प्रत्येक धक्का इंजिन ज्या नळ्यांवर टांगलेलं आहे त्याच नळ्यांतून जातो. उतरणं फारच कठोर झालं तर दांडा सरळच्या सरळ राहतो. सुरकुती पडते ती मागच्या, इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या फायरवॉलच्या पत्र्यावर, आणि केसासारखा तडा जातो तो खोबणीजवळच्या वेल्डमध्ये.

या कारागिरीतला मुख्य धडा मला इथेच दिसतो. पाय जाड करणं म्हणजे विमान बळकट करणं नव्हे. दांड्याचा व्यास वाढवला की तो कमी वाकतो. कमी वाकला की तोच धक्का कमी अंतरात थांबवावा लागतो, म्हणजे वरच्या जोडावर जास्त बळ येतं. जे बळ आधी दांडा खेळवत होता, ते आता माउंट सोसतो. ‘माझे पाय आता कधीच वाकणार नाहीत’ असं अभिमानानं सांगणाऱ्याला एकच विचारावं: मग वाकणार काय?

दांड्याचा आणखी एक छळ म्हणजे थरथर. धावपट्टीवर विमानाचा वेग उतरत असताना एका विशिष्ट वेगाला पाय पुढे-मागे इतके हलू लागतात की पायलटला वाटतं, चाक निखळतंय. त्यावरचा आरव्हीवाल्यांचा उपाय मला अतिशय आवडतो. कठीण लाकडाची लांब पट्टी तासून दांड्याच्या मागच्या बाजूला बसवायची आणि फायबरग्लासच्या फितीनं, रेझिन लावून, दोन्ही एकत्र गुंडाळायचे. लाकूड थरथरीची ऊर्जा पिऊन टाकतं. अवकाशयुगात पोलादाला लाकडाचा टेकू! वरून हवेला वाट देणारं आवरण, म्हणजे फेअरिंग, चढलं की तो दिसतही नाही. पण हे करण्याआधी टायरमधली हवा थोडी कमी-जास्त करून बघावी आणि चाकाचा तोल तपासावा. पुष्कळदा तेवढ्यानंच थरथर जाते आणि लाकडाचं वजन वाचतं.

चाकांची दिशा साधायला मात्र गवंड्याची हत्यारं लागतात: ओळंबा, दोरी, खडू आणि गुण्या. शेपटीला चाक असलेल्या विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो, त्यामुळे जमिनीवर ते मुळातच शेपूट पुढे आणायला टपलेलं असतं. अशा विमानाची चाकं पुढच्या बाजूला किंचित आत वळलेली राहिली, तर धोका वाढतो. विमान डावीकडे भरकटू लागलं की वजन उजव्या चाकावर जातं, आणि ते चाक आधीच डावीकडे तोंड करून असेल तर भरकटण्याला हातभारच लावतं. म्हणून अशा विमानांची चाकं अगदी सरळ किंवा केसभर बाहेर वळलेली ठेवतात. ही दुरुस्ती ॲक्सल आणि पाय यांच्यामध्ये पाचरीसारखी निमुळती चकती सरकवून होते. मापताना विमानावर नेहमीचं वजन हवं आणि चाकांना आडवं सरकायची मोकळीक हवी. बरेच जण चाकांखाली पत्र्याचे दोन तुकडे ठेवून मधे ग्रीस लावतात. नुसतं जॅकवरून खाली उतरवून मापलं, तर पाय अडकलेल्या स्थितीत राहतो आणि माप खोटं येतं.

नाकाखाली चाक असलेली आरव्ही विमानं, म्हणजे 6ए, 7ए, 9ए, जमिनीवर सरळ चालतात, पण त्यांचं दुखणं वेगळं. पुढचा पाय हाही लवचीक दांडाच. त्याच्या टोकाला मोकळं फिरणारं चाक. खडबडीत गवतावर किंवा विमान नाकाच्या चाकावर आदळलं तर दांडा मागे वाकतो, चाकाच्या फोर्कचा खालचा भाग जमिनीला लागतो, मातीत रुततो, आणि पाय विमानाखाली दुमडला जातो. काही विमानं अशी पाठीवर उलटली. आत बसलेल्यांच्या डोक्यावर असते ती काचेसारखी पारदर्शक झडप, आणि उलट्या विमानातून ती उघडणं अवघड.

कंपनीनं 2007मध्ये जमिनीपासून अधिक उंच राहणारा नवा फोर्क दिला. काहींनी दांड्याला आधार देणारे पट्टे बसवले. पुढच्या आरव्ही-10 आणि 14ए विमानांत तर वरच्या टोकाला बिजागरी आणि धक्का झेलणाऱ्या रबरी चकत्या असलेली निराळी रचनाच आली. काही मालकांनी नाकाचं चाक पूर्ण काढून विमान शेपटीच्या चाकावर आणलं. त्यासाठी इंजिन माउंट बदलावा लागतो आणि मुख्य पाय पुढे न्यावे लागतात. माझ्या मते यातला सर्वांत मोलाचा उपाय सर्वांत स्वस्त आहे. नाकाचं चाक किती सहज वळतं हे त्यामागच्या बशीसारख्या वॉशरांच्या घट्टपणावर ठरतं. ॲक्सलला ताणकाटा अडकवून ओढलं की सुमारे 22 पौंडांना ते हलायला हवं. फार सैल असेल तर चाक थरथरतं आणि ती थरथर दांड्याला वाकवते. ॲक्सलचा नट जास्त आवळला तर बेअरिंग दाबलं जातं, चाक अडून चालतं, आणि दांडा मागे ओढला जातो. हे दोन्ही पंधरा मिनिटांत तपासता येतं.

बर्ट रुटाननं 1970च्या दशकात तिसरी वाट काढली. त्याच्या व्हॅरीइझ आणि लाँग-इझी विमानांचे मुख्य पाय म्हणजे फायबरग्लासची एकच कमान, पोटातून आरपार गेलेली. गंज नाही, कडकपणाही नाही. पण पोलादाला न जाणवणारी गोष्ट तिला जाणवते: ऊन आणि ब्रेक. साध्या तापमानाला घट्ट झालेलं इपॉक्सी तापलं की मऊ पडतं. ब्रेकची डिस्क पायाला चिकटून असते, म्हणून मधे उष्णता अडवणारं वेष्टण लागतं. भर उन्हाळ्यात डांबरावर उभं राहून राहून कमान हळूहळू फाकते आणि चाकांची दिशा बिघडते. ओळंबा तिथेही काढावाच लागतो.

वार्षिक तपासणीत फेअरिंग उतरवून पाय उघडे करतात, तेव्हा पाहण्याचा क्रम अनुभवी माणसं जमिनीपासून वर धरतात. चाक काढून निमुळत्या रोलरांची बेअरिंगं धुतात, निळसर डाग किंवा खाच दिसली तर ती बदलतात, नवं ग्रीस दाबून भरतात. ब्रेकचं लाल तेल पेट घेणारं असतं, म्हणून कॅलिपरजवळचा जरासा ओलावाही सोडत नाहीत. हवा कमी राहिलेला टायर रिमवर सरकतो आणि आतल्या ट्यूबचा व्हॉल्व्ह कापतो. टायर आणि रिमवर आडवी रंगाची रेघ मारून ठेवली की सरकणं लगेच दिसतं. मग दांडा. पोलादी स्प्रिंगवर ओरखडा किंवा गंजाचा खड्डा म्हणजे तड्याचं बीज, म्हणून रंग उडाला असेल तर गंज तिथेच घालवतात, आणि ब्रेकची नळी बांधायला धातूचा पट्टा थेट दांड्यावर आवळत नाहीत. भोक तर त्याला कधीच पाडायचं नसतं. शेवटी वरची खोबण: एकानं पंखाचं टोक पुढे-मागे हलवायचं आणि दुसऱ्यानं जोडावर बोट ठेवायचं. आत टकटक जाणवली तर बोल्टचं भोक लांबट झालेलं आहे. मग रीमरनं भोक नेमकं गोल करून एक माप मोठा, घट्ट बसणारा बोल्ट घालावा लागतो. नुसता नट आवळून ती टकटक जात नाही.

आपल्याकडे हे सगळं करायला मोकळं मैदान नाही. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर विमान जोडलं, 2016च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिलं, आणि नोंदणी मिळायला 2017 साल उजाडलं. त्यांच्या चिकाटीचं कौतुक झालं ते योग्यच. पण ज्या देशात गावोगावचे फिटर आणि वेल्डर यंत्राची नाडी बोटांनी ओळखतात, तिथे हौशी बांधणाऱ्यासाठी सरळ, स्पष्ट नियमांची वाट असती तर असं विमान एकटं राहिलं नसतं, असं मला मनापासून वाटतं.

नियम म्हणजे अडथळाच असंही नाही. अमेरिकेत पायाची रचना मुळातून बदलली, तर विमानाला पुन्हा चाचणीच्या टप्प्यात जावं लागतं आणि किमान 5 तास प्रवाशाशिवाय, नेमून दिलेल्या भागातच उडावं लागतं. जाणती माणसं या 5 तासांत उड्डाणापेक्षा उतरणंच जास्त करतात. आधी नुसतं टॅक्सी, मग वेगानं धावून थांबणं, मग हलक्या वजनानं उतरणं, मग पूर्ण वजनानं. प्रत्येक टप्प्यानंतर इंजिनचं झाकण उघडतात, टॉर्च आणि भिंग घेऊन खोबणीजवळचे वेल्ड बघतात, बोल्टवरची रंगाची रेघ जागेवर आहे का ते पाहतात, चाकांची दिशा पुन्हा मापतात, आणि आकडे लॉगबुकात लिहून मगच पुढच्या टप्प्याला जातात.