छत तोलणाऱ्या तुळया

लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकात भिंतीलगत लोखंडी कमानीचा पाय फलाटात शिरताना दिसतो. त्यावरच्या ओतीव पाटीवर बटरली कंपनीचं नाव आणि १८६७ हे साल आहे. तिथून नजर वर नेली की कमान चढत चढत तीस मीटरांवर हलकंसं टोक घेते आणि पलीकडच्या भिंतीशी उतरते. रुंदी ७३ मीटर, मध्ये एकही खांब नाही. १८६८ साली स्थानक सुरू झालं तेव्हा जगात एवढं मोठं एकसलग छत दुसरं नव्हतं.

कमानीचा स्वभावच पाय फाकण्याचा. म्हणून त्या काळातल्या कित्येक स्थानकांत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लोखंडी सळया, म्हणजे टाय रॉड, ताणून बसवलेल्या असत. धनुष्याला दोरी असते तशा. सेंट पँक्रसमध्ये वर असं काहीच दिसत नाही.

ती दोरी फलाटाखाली आहे. रूळ रीजंट्स कालवा ओलांडून येतात, त्यामुळे ते रस्त्यापेक्षा बरेच उंच. खालच्या पोकळीत मातीचा भराव घालायचं ठरत होतं. अभियंता विल्यम बार्लो याने तिथे तळघर काढलं आणि फलाट पेलणाऱ्या लोखंडी तुळयांनाच कमानींचे पाय जखडले. तळघर बर्टन गावाहून येणाऱ्या बिअरच्या पिंपांसाठी होतं. पिंपं नीट रचता यावीत म्हणून खांब सुमारे साडेचार मीटरांवर उभे केले आणि वरच्या कमानी त्याच्या दुप्पट अंतरावर आल्या. एवढ्या भव्य छताचं माप बिअरच्या पिंपावरून निघालं! दर्शनी बाजूच्या हॉटेलचे फोटो सगळेच काढतात; खरी करामत मात्र पायाखाली आहे.

तिचा आणखी एक फायदा बार्लोने हेरला होता. जमिनीखालच्या तुळयांना ऊन-थंडीचा त्रास कमी. तापमान बदललं की कमानीचा माथा तेवढा किंचित वर-खाली होतो, भिंतींना धक्का बसत नाही.

देखभालीची बरीच कामं डोळ्यांना दिसतात: तडकलेल्या काचा, तुंबलेल्या पन्हळी, रंगाखाली फुगलेला गंज. २००७ साली स्थानक नव्याने खुलं झालं तेव्हा कमानींना जुना आकाशी रंग परत मिळाला. ओळखायला कठीण असतो तो लोखंडाच्या पोटातला दोष.

५ डिसेंबर १९०५ रोजी लंडनच्याच चॅरिंग क्रॉस स्थानकात टाय रॉड असलेल्या कमानी छताची दुरुस्ती चालली होती. परांची बांधलेली, वर रंगारी आणि काचा बसवणारे. दुपारी पावणेचारच्या सुमारास मोठा आवाज झाला आणि छताचा एक भाग खचू लागला. कोसळायला सुमारे बारा मिनिटं लागली. तेवढ्या वेळात कर्मचाऱ्यांनी फलाट रिकामे करायला घेतले, येणाऱ्या गाड्या अडवल्या. त्या बारा मिनिटांनी किती जीव वाचवले! तरीही सहा माणसं गेली. त्यांतली तिघं शेजारच्या थिएटरमध्ये काम करत होती. स्थानकाची भिंत त्या इमारतीवर पडली. चौकशीत कारण निघालं ते एका टाय रॉडच्या सांध्यातला जुना दोष. रंगाचा हात देताना तो कुणाला दिसणार?

उरलेली कमानही मग उतरवून टाकली. मार्च १९०६ मध्ये गाड्या पुन्हा सुरू झाल्या आणि रुळांवर खांबांच्या आधाराने उभं राहणारं साधं, बुटकं छत आलं.