रात्रीच्या दुर्बिणीचा पल्ला : दिसणे आणि ओळखणे

रात्रदुर्बिणीच्या खोक्यावर एक आकडा ठळक छापलेला असतो. कुठे ‘पल्ला ३०० मीटर’, कुठे ‘६०० मीटर’. या अंतरावर नेमके काय दिसते, आणि कोणत्या रात्री दिसते, याचा उल्लेख मात्र क्वचितच सापडतो. मी पदवीने भौतिकशास्त्रज्ञ नाही. जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून जमवलेली प्रकाशशास्त्राची पुस्तके आणि रात्री माळावर घालवलेला वेळ, एवढेच माझे शिक्षण. तरीही या नादाची माहिती असलेले लोक मला हमखास विचारतात, “बंदुकीवरच्या रात्रदुर्बिणीतून आणखी लांबचे कसे दिसेल?” या प्रश्नाचे उत्तर ‘लांबचे दिसणे’ म्हणजे काय, इथून सुरू होते.

ही दुर्बीण आली युद्धातून. १९४५ साली ओकिनावा बेटावर अमेरिकन सैनिकांनी कार्बाइन बंदुकीवर अवरक्त दिवा आणि दुर्बीण बसवून रात्रीचे पहारे दिले. तिची बॅटरी पाठीवर वाहावी लागे आणि पल्ला होता जेमतेम सत्तर यार्ड, म्हणजे ६५ मीटरच्या आसपास. शिवाय शत्रूकडे तसेच यंत्र असेल तर आपलाच दिवा त्याला आपली जागा दाखवी. व्हिएतनाम युद्धापर्यंत दिव्याविना, केवळ चांदण्यावर चालणारी दुर्बीण तयार झाली. तिच्यात एकामागे एक जोडलेल्या तीन प्रतिमावर्धक नळ्या मूळ अंधूक प्रकाश हजारो पटींनी वाढवत.

याच काळात, १९५८ मध्ये, अमेरिकन लष्कराच्या प्रयोगशाळेतील जॉन जॉन्सन यांनी पल्ल्याचा प्रश्न नीट मांडला. त्यांनी निरीक्षकांना रात्रदुर्बिणीतून वाहनांच्या व माणसाच्या प्रतिकृती दाखवल्या आणि त्याच स्थितीत काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या किती जोड्या वेगळ्या दिसतात हे मोजले. निष्कर्ष सोपा होता. वस्तूच्या अरुंद बाजूवर पट्ट्यांची एक जोडी उलगडली, तर ‘तिथे काहीतरी आहे’ एवढे कळते. चार जोड्या उलगडल्या, तर ते कोणत्या प्रकारचे आहे हे कळते. नेमकी ओळख पटायला सहा-साडेसहा जोड्या लागतात. हे आकडेही निम्म्या वेळा बरोबर उत्तर येण्याचे आहेत, खात्रीचे नव्हेत.

आता हिशेब करू. दुर्बिणीच्या पुढच्या भिंगाचे नाभीय अंतर १०० मिलीमीटर आहे आणि तिची नळी एका मिलीमीटरात पट्ट्यांच्या ६४ जोड्या उलगडते, असे धरा. माणसाची रुंदी अर्धा मीटर धरली, तर ‘काहीतरी आहे’ हे कळण्याचे अंतर येते ३२०० मीटर. तो माणूस आहे हे कळण्याचे ८०० मीटर, आणि नेमकी ओळख पटण्याचे ५००. यंत्र तेच, माणूस तोच, पण पल्ले तीन. यातला कोणता खोक्यावर छापायचा, हे विक्रेता ठरवतो.

हा हिशेबही भरपूर प्रकाशातला झाला. पौर्णिमेच्या रात्री जमिनीवर साधारण पाव लक्स उजेड असतो. निरभ्र अमावास्येला, म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या रात्री गावाबाहेर, तो एक सहस्रांश लक्सवर येतो. ढग असले की त्याच्याही दहावा हिस्सा. इतक्या कमी उजेडात प्रकाश सलग येत नाही, सुट्या कणांनी टपटपत येतो. जुन्या टीव्हीच्या पडद्यावर दिसायच्या तशा मुंग्या दुर्बिणीत दिसतात, त्या याच कारणाने. नळी मिळालेले कण कितीही मोठे करून दाखवील, पण न मिळालेले कण कुठून आणणार? हॉलंडचे डी व्ह्रीस यांनी १९४३ मध्ये आणि अमेरिकेतील अल्बर्ट रोझ यांनी १९४८ मध्ये याचे गणित मांडले. या गणिताप्रमाणे अंधुक उजेडात पल्ला वाढतो तो पुढच्या भिंगाच्या व्यासाच्या प्रमाणात आणि उजेडाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. उजेड चौपट झाला, तर पल्ला दुप्पट होतो.

म्हणून पहिला खर्च पुढच्या मोठ्या भिंगावर करावा. व्यास तोच ठेवून नुसते मोठे करून दाखवणारी दुर्बीण घेतली, तर तेवढाच प्रकाश जास्त जागेत पसरतो आणि मुंग्याच मोठ्या होतात. दुसरा खर्च नळीवर. आलेल्या कणांपैकी जास्तीत जास्त पकडणारी नळी हवी. अशा नळ्या आपल्याकडेही बनतात. भारत इलेक्ट्रॉनिक्सची यासाठीची कंपनी १९९० मध्ये स्थापन झाली आणि ती पुण्याच्या भोसरी औद्योगिक वसाहतीत आहे.

अवरक्त दिव्याच्या बाबतीत बहुतेकांचे गणित चुकते. अंतर दुप्पट झाले की वस्तूवर पडणारा उजेड चौथाई होतो, आणि वस्तूची प्रतिमाही चौथाई क्षेत्रफळाची होते. म्हणजे तिच्याकडून भिंगात येणारा प्रकाश सोळाव्या हिश्श्यावर येतो. तो भरून काढायला सोळापट ताकदीचा दिवा लागेल. पण त्याच दिव्याचा झोत चौथाई रुंदीचा केला, तर तेच काम फुकटात होते. दिव्याची तरंगलांबीही पाहावी. ८५० नॅनोमीटरच्या दिव्याचा लालसर ठिपका समोरच्याला दिसतो. ९४० चा दिसत नाही, पण गॅलियम आर्सेनाइडच्या, म्हणजे तिसऱ्या पिढीच्या नळीलाही तो दिसत नाही. तो डिजिटल दुर्बिणींनाच उपयोगी, आणि त्यांनाही कमी.

उरलेल्या गोष्टींना पैसा लागत नाही. डोळ्याकडचे भिंग आधी फिरवून पडद्यावरचे दाणे स्पष्ट करावेत, मग पुढचे भिंग दूरच्या वस्तूवर जुळवावे. जवळचे गवत किंवा फांदी झोतात आली, तर ती उजळून मागचे सारे झाकते. धुके आणि फटाक्यांचा धूर तोच झोत डोळ्यांवर परत फेकतात, म्हणून अशा वेळी दिवा बंदच बरा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पहाटे भिंगावर दव धरते, तेही पाहावे.

खरा पल्ला मोजायला मी एक पुठ्ठा वापरतो. अर्धा मीटर रुंदीच्या पुठ्ठ्यावर आळीपाळीने काळे-पांढरे आठ उभे पट्टे रंगवायचे, प्रत्येक सव्वासहा सेंटिमीटरचा. पुठ्ठा उभा करून मागे जात राहायचे. चारही काळे पट्टे जिथवर वेगळे मोजता येतात, तो त्या रात्रीचा त्या दुर्बिणीचा माणूस ओळखण्याचा पल्ला. पौर्णिमेला मी जिथून पट्टे मोजले, तिथून अमावास्येला पुठ्ठाच कसाबसा दिसला.

हा पुठ्ठा केवळ हौसेचा नाही. रानडुक्कर समजून माणसावरच गोळी झाडल्याच्या बातम्या आपल्याकडे अधूनमधून येतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने परवानगीशिवाय शिकार हा गुन्हा आहेच. पण परवाना असलेला, पिकाच्या राखणीला बसलेला माणूसही याच गणिताने बांधलेला असतो. पिकात वाकलेली हालचाल त्याला दूरवरून ‘दिसते’. ती डुकराची की पाणी द्यायला गेलेल्या शेजाऱ्याची, हे कळायला मात्र त्या अंतराच्या चौथाईपर्यंत जवळ जावे लागते. चांगले भिंग, चांगली नळी, अरुंद झोत यांनी हे दोन्ही पल्ले वाढतात, पण त्यांच्यातले एकास चार हे प्रमाण तसेच राहते. म्हणून बोट चापावर जाण्याआधी विचारात घ्यायचा पल्ला खोक्यावरचा नव्हे, पुठ्ठ्यावरचा.