खडबडीत रस्ता, गावची वीज आणि विजेवरची मोटार

मागच्या व्याख्यानानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला. "शहरात ठीक आहे हो, पण आमच्या गावाकडे इलेक्ट्रिक गाडी चालेल का? घाट, चिखल, दगड, वर लाईटचा भरवसा नाही." आजचा सगळा वेळ आपण या प्रश्नालाच देणार आहोत. आम्ही कोणत्याही कंपनीची बाजू घेऊन आलेलो नाही. हिशोब मांडू, निकाल ज्याचा त्याने लावायचा.

सुरुवातीला एक गोष्ट लक्षात घेऊ. गावातली चारचाकी ही फक्त घरची गाडी नसते. रात्री कुणाला साप चावला, कुणाला कळा सुरू झाल्या, तर १०८ ची रुग्णवाहिका येईपर्यंत थांबायचं की वाडीतली जी गाडी दारात उभी आहे ती काढायची, हा निर्णय पाच मिनिटांत घ्यावा लागतो. बहुतेक वेळा गाडी काढली जाते. म्हणून "रेंज किती?" याच्या आधीचा प्रश्न असा, की रात्री दोन वाजता ही गाडी तालुक्याच्या रुग्णालयात पोचेल का? हा प्रश्न डोक्यात ठेवूनच पुढचं ऐका.

रस्ता: भीती जास्त, अडचण कमी

लोकांना पहिली भीती घाटाची वाटते. आपण एक खरा घाट घेऊ. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर. अंतर साधारण ४० किलोमीटर, चढ सुमारे १,३०० मीटर. गाडी आणि आतली चार माणसं मिळून वजन १,७०० किलो धरा. एवढं वजन एवढ्या उंचीवर उचलायलाच सुमारे ६ युनिट वीज लागते. त्यात चाकांचं घर्षण, हवेचा विरोध आणि मोटारीतली घट धरली, की वर पोचेपर्यंत साधारण ११ युनिट जातात. आता बघा, भारतात जानेवारी २०२० मध्ये आलेल्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीची बॅटरी ३०.२ युनिटची होती. म्हणजे ४० किलोमीटरमध्ये एक तृतीयांशाहून जास्त बॅटरी संपली! सपाटीवर तेवढ्याच अंतराला पाच-सहा युनिट लागली असती.

पण गोष्ट इथे संपत नाही. उतरताना हीच मोटार जनित्रासारखी काम करते, ब्रेक लावताना बॅटरी भरते. वर गेलेली सगळी वीज परत मिळत नाही, पण खाली येईपर्यंत बॅटरी संपण्याऐवजी एक-दोन युनिट वाढलेली दिसते. जाऊन-येऊन ८० किलोमीटरला नऊ-दहा युनिट, म्हणजे जवळजवळ सपाट रस्त्याइतकाच खर्च. डिझेल गाडी उतारावर डिझेल वाचवते, टाकीत परत टाकत नाही.

यातून दोन सूचना निघतात. एक, घाट चढण्याआधी बॅटरीचा हिशोब वरच्या गावापर्यंतचा करा, सरासरीवर जाऊ नका. दुसरी सूचना फार कमी लोकांना माहीत असते. घाटमाथ्यावर बॅटरी शंभर टक्के भरून उतरायला लागू नका. भरलेल्या बॅटरीला परतीची वीज घ्यायला जागा नसते, मग सगळा भार साध्या ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापतात.

चढावर ताकद कमी पडेल का? नाही. विजेच्या मोटारीला पहिल्या क्षणापासून पूर्ण ओढ मिळते, क्लच नाही, गियर नाही. वळणावर थांबून पुन्हा चढायचं असेल तर ती डिझेलपेक्षा सोपी पडते.

आता दगड. बॅटरी गाडीच्या पोटाखाली असते. गुरुत्वमध्य खाली राहतो, गाडी उलटण्याचा धोका कमी होतो, हे चांगलं. पण बैलगाडीच्या चाकोरीत मधला उंचवटा पोटाला घासला तर तिथे नेमका सगळ्यात महाग भाग आहे. ज्या वाटेवर आज तुमची साधी हॅचबॅक घासते, तिथे विजेवरची हॅचबॅक नेऊ नका. आणि ज्या वाटेला जीपच लागते, चारही चाकांना ताकद लागते, तिथे आजही डिझेल जीपला स्वस्त पर्याय नाही. २०२५ मध्ये आलेल्या हॅरियर ईव्हीच्या वरच्या मॉडेलला चारही चाकांची ताकद आहे, पण ती पंचवीस लाखांच्या वर जाते. शेतकऱ्याच्या हिशोबात ती बसत नाही.

पाण्याचं काय? बॅटरीची पेटी पाणी आत जाणार नाही अशी बंद असते, आणि इंजिनाने पाणी ओढून बंद पडण्याचा प्रकार इथे नाही. पण म्हणून ओढ्याला पूर आला असताना गाडी घालायची नाही. वाहत्या पाण्याला गाडी कशावर चालते याच्याशी देणंघेणं नसतं, ते गाडी उचलून नेतं.

छोट्या गोष्टीही सांगतो. काही मॉडेलांत स्टेपनी मिळत नाही, नुसतं पंक्चर काढायचं किट देतात. बाभळीचा काटा असेल तर किट चालतं, टायर फाटला तर नाही. गाडी घेताना स्टेपनी मागून घ्या. गाडी बंद पडली तर दोर बांधून ट्रॅक्टरने ओढायची नाही. मोटारीला जोडलेली चाकं जमिनीवर फिरत ओढली तर नुकसान होतं, ती उचलूनच न्यावी लागते. आणि उंदीर! धान्याजवळ गाडी लावली तर वायरी कुरतडतात. डिझेल गाडीतही कुरतडतात, पण तिथली वायर गावचा मिस्त्री जोडून देतो. नारिंगी रंगाच्या उच्च दाबाच्या वायरीला त्याने हात लावायचा नाही.

वीज: खरा प्रश्न इथे आहे

नॉर्वे हा डोंगरांचा, बर्फाचा देश. तिथे २०२४ साली विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी दहांतल्या जवळजवळ नऊ विजेवरच्या होत्या. म्हणजे डोंगर आणि थंडी हे कारण पुरत नाही. फरक आहे तो घराच्या भिंतीपर्यंत येणाऱ्या तारेत.

आपल्या गावात काय असतं? गावठाणाचा फिडर वेगळा, शेतीपंपाचा वेगळा. शेतीला थ्री फेज वीज आठवड्याच्या पाळीने मिळते, कधी दिवसा आठ तास, कधी रात्री. आता सौर कृषी वाहिनी योजनेतून दिवसा वीज देण्याचं काम चालू आहे. मळ्यात राहणारी बरीच मंडळी आम्हाला विचारतात, "पंपाच्या कनेक्शनवर गाडी लावली तर?" लावू नका. शेतीसाठी मंजूर वीज दुसऱ्या कामाला वापरणं हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ नुसार अनधिकृत वापर आहे. बिल लागतं ते दंडासकट.

घरच्या मीटरवर गाडी साध्या १५ अँपिअरच्या प्लगवर चार्ज होते. २३० व्होल्ट असतील तर सुमारे ३ किलोवॅट मिळतात. २४ युनिटची बॅटरी रिकामी असेल तर आठ तास. पण ट्रान्सफॉर्मरपासून लांबच्या घरात संध्याकाळी १८० व्होल्टच येतात. मग तोच प्लग सव्वादोन किलोवॅटच देतो आणि आठ तासांचे दहा-साडेदहा होतात. त्यात दोन तास लाईट गेली तर सकाळी गाडी अर्धवट. दाब आणखी पडला तर चार्जर स्वतःच बंद होतो.

आम्ही स्वतः एका वाडीवर हा अनुभव घेतला. प्लग नवा, वायर जाड, तरी चार्जरवर लाल दिवा. अर्धा तास डोकं खाजवल्यावर कळलं की घराला अर्थिंगच नाही. वीस वर्षं फ्रिज, टीव्ही, मिक्सर सगळं चालत होतं, कुणाला काही कळलं नव्हतं. चार्जर मात्र अर्थिंग तपासतो आणि नसेल तर काम करत नाही. तो योग्यच करतो. म्हणून गाडी बुक करण्याआधी वायरमनला बोलवा. स्वतंत्र अर्थिंग, मीटरपासून वेगळी जाड वायर, वेगळा एमसीबी, आणि मंजूर भार वाढवून घेणं, ही चार कामं आधी. गावात बऱ्याच घरांचा मंजूर भार एक किलोवॅटच्या आसपास असतो, त्यावर तीन किलोवॅटची गाडी लावायची नसते.

आता सोलर. पीएम सूर्य घर योजनेत ३ किलोवॅटच्या छतावरच्या सोलरला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. उन्हाळ्यात ते दिवसाला साधारण १२ युनिट देतं, म्हणजे ७० ते ८० किलोमीटर. ऐकायला छान वाटतं. पण नेहमीचं सोलर हे ग्रीडला जोडलेलं असतं. लाईट गेली की ते बंद होतं, भर दुपारीसुद्धा! लाईनवर काम करणाऱ्या माणसाला धक्का बसू नये म्हणून तशी रचना असते. म्हणजे त्याने बिल वाचतं, भारनियमन टळत नाही. त्यासाठी बॅटरीचा इन्व्हर्टर लागतो आणि खर्च बराच वाढतो.

पैशाचा हिशोब

महिन्याला १,२०० किलोमीटर धरा. डिझेल गाडी लिटरला १५ देते, डिझेल ९० रुपये धरलं तर महिन्याला ७,२०० रुपये. विजेवरच्या गाडीला चार्जिंगमधली घट धरून किलोमीटरला ०.१५ युनिट, म्हणजे १८० युनिट. इथे एक गंमत आहे. घरगुती बिलात १००, ३००, ५०० असे टप्पे असतात. तुमचं घर आधीच १५० युनिट वापरत असेल तर गाडीचे शेवटचे युनिट वरच्या, महाग टप्प्यात पडतात. म्हणून युनिटला १५ रुपये असा कडक दर धरू. तरी २,७०० रुपये होतात. महिन्याला ४,५०० वाचले.

गाडी तीन लाखांनी महाग पडली असं समजा. ते भरून निघायला साडेपाच वर्षं. तीच गाडी महिन्याला ३,००० किलोमीटर फिरली तर सव्वादोन वर्षं. म्हणजे जास्त फिरणाऱ्याला फायदा. पण जास्त फिरणाऱ्याकडेच चार्जिंगला वेळ कमी! म्हणून ठरलेल्या फेऱ्यांची वाहनं, म्हणजे सकाळी दूध संकलन, शाळेची ने-आण, बाजारचा टेम्पो, ही सगळ्यात आधी विजेवर जाण्यासारखी आहेत. त्यांचं अंतर ठरलेलं असतं आणि ती रात्री एकाच जागी उभी असतात.

मग रात्री दोन वाजता काय?

पहिल्या प्रश्नाकडे परत येऊ. डिझेल गाडीची टाकी रिकामी असली तर शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरमधून पाच लिटर काढून घेता येतं. वीज तशी कॅनमध्ये आणता येत नाही. हा फरक मान्य करायलाच हवा.

त्यावर आमचा नियम साधा आहे. तुमच्या घरापासून मोठ्या रुग्णालयापर्यंतचं जाऊन-येऊन अंतर काढा. पावसाळ्यात दरड कोसळून घाट बंद पडतो, तेव्हाच्या लांबच्या वाटेचं अंतर धरा, जवळच्या वाटेचं नाही. तेवढी वीज गाडीत संध्याकाळी कायम शिल्लक असलीच पाहिजे. समजा ते अंतर १०० किलोमीटर आहे आणि गाडी प्रत्यक्षात २०० जाते, तर निम्मी बॅटरी ही गावाची आहे, तुमची नाही. उरलेल्या निम्म्यात तुमचं रोजचं काम भागत असेल तर गाडी घ्या. भागत नसेल तर मोठी बॅटरी, नाहीतर डिझेल. कागदावरच्या रेंजवर हा हिशोब करू नका. त्याच नेक्सॉनची प्रमाणित रेंज ३१२ किलोमीटर होती, रस्त्यावर ती २०० च्या आसपास मिळायची.

प्रश्नोत्तरांतून

*"विदर्भात ४५ अंशांत बॅटरी टिकेल का?"* उष्णतेने बॅटरी लवकर म्हातारी होते, हे खरं. सावलीत लावा, भर दुपारी फास्ट चार्जिंग टाळा, भरलेली गाडी दिवसेंदिवस उन्हात ठेवू नका. अनेक कंपन्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी देतात. तिच्या अटी सही करण्याआधी वाचा.

*"घरात एकच गाडी घ्यायची असेल तर?"* तीन गोष्टी तपासा. रात्री सलग सहा तास लाईट टिकते का, जवळचं फास्ट चार्जर पन्नास किलोमीटरच्या आत आहे का, आणि दुरुस्तीचं केंद्र जिल्ह्यात आहे का. तीनपैकी दोनची उत्तरं "नाही" आली तर अजून दोन वर्षं थांबा. थांबण्यात कमीपणा नाही.

*"आणि दोन गाड्या असतील तर?"* मग एक विजेवरची घ्यायला हरकत नाही. रोजचं तालुक्याला जाणं-येणं तिच्यावर, शिवारातली वाट जुन्या जीपवर.

जाण्याआधी एक काम सांगतो. आज घरी गेल्यावर संध्याकाळी सात वाजता आणि रात्री बारा वाजता वायरमनकडून प्लगमधले व्होल्ट मोजून घ्या, आठवडाभर वहीत लिहा. शोरूममधल्या माणसापेक्षा ती वही तुम्हाला जास्त खरं सांगेल.