‘फक्त पाच मिनिटं बघते’ आणि गेलेला तास

ज्यांना एपिसोड ऐकायला जमलं नाही किंवा ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा नेहमीप्रमाणे लेखी अवतार. बोलताना मध्ये मध्ये जे ‘अं… म्हणजे…’ होतं तेवढं काढलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय एका व्हॉइस नोटवरून सुचला. पाठवणारी मुलगी पुण्यात राहून एमपीएससीची तयारी करते. पेठेत कॉट बेसिसवर राहते. सकाळी आठला अभ्यासिकेत जाते, रात्री दहाला बाहेर पडते. म्हणजे झाले चौदा तास. पण रात्री तिने प्रामाणिकपणे हिशेब लावला, तर खरा अभ्यास पाच तासांच्या पुढे जात नाही. तिचा हा तिसरा प्रयत्न. बाबा दर महिन्याला पैसे पाठवतात, फोनवर एवढंच विचारतात, ‘चाललाय ना अभ्यास?’ आणि ती ‘हो’ म्हणते. तिचा प्रश्न असा होता: ‘दादा, फोन कपाटात ठेवून दिला असता, पण नोट्स टेलिग्रामवर आहेत, लेक्चर यूट्यूबवर आहेत. मग करू काय?’

प्रश्न भारी आहे. कारण ‘फोन बाजूला ठेव’ हा सल्ला देणारे बहुतेक लोक असे असतात की ज्यांचं काम फोनवर नसतं.

आधी बघूया समोर कोण आहे. मी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे हा भाग मला जरा जवळचा. पूर्वी वेबसाइटवर खाली गेलं की ‘पुढचं पान’ असं बटण यायचं. ते दाबायला लागायचं. त्या अर्ध्या सेकंदात डोकं विचारायचं, ‘बास का आता?’ २००६ मध्ये अझा रस्किन नावाच्या डिझायनरने ते बटण काढून टाकलं. खाली जात राहा, मजकूर आपोआप येत राहील. याला म्हणतात इन्फिनिट स्क्रोल. लोकांची सोय व्हावी हा त्याचा हेतू होता, पण पुढे त्याने स्वतःच यावर जाहीरपणे खंत व्यक्त केली. कारण बटणासोबत थांबण्याची जागाही गेली. ताटात वाढलेलं संपलं की माणूस उठतो. इथे वाढणारा मागे उभाच आहे आणि ताट कधी रिकामं होऊच देत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे अनिश्चितता. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. चोच मारली की दर वेळी दाणा मिळाला, तर पुढे दाणा बंद केल्यावर कबुतर लवकर नाद सोडतं. पण दाणा कधी तिसऱ्या चोचीला, कधी तिसाव्या चोचीला मिळाला, तर ते मारतच राहतं. रील्सचं तेच आहे. दहा रील फालतू, अकरावी जबरदस्त. सगळ्याच जबरदस्त असत्या तर आपण कंटाळून लवकर बंद केल्या असत्या, असं माझं मत. भारतात टिकटॉकवर जून २०२० मध्ये बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने इथे रील्स आणल्या. ॲप बदललं, दाणे तसेच.

म्हणजे एका बाजूला ही सगळी यंत्रणा आणि दुसऱ्या बाजूला तिसऱ्या चहानंतर अंकगणित सोडवणारी एक दमलेली मुलगी. यात ‘मन खंबीर कर’ म्हणण्याला काही अर्थ आहे का? मला तरी वाटत नाही.

आता तिच्या चौदा तासांचे पाच कसे होतात ते बघू. मजा म्हणजे ती नऊ तास रील बघत नाही. तिने स्क्रीन टाइम पाठवला होता, तो साडेतीन तासांचा आहे. जेवण, चहा, गप्पा, जाणं-येणं धरून अजून तीनेक तास काढा. तरी दोन-अडीच तास उरतात. ते गेले कुठे?

कॉम्प्युटरचा प्रोसेसर एक काम सोडून दुसरं हातात घेतो, तेव्हा त्याला आधीच्या कामाची स्थिती साठवून ठेवावी लागते आणि नव्याची आणावी लागते. याला आम्ही कॉन्टेक्स्ट स्विच म्हणतो. या अदलाबदलीत खरं काम शून्य होतं, फक्त वेळ जातो. माणसाचं तर याहून अवघड, कारण आपल्याकडे आधीचं काम नीट साठवलं जात नाही, थोडं सांडतंच. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये यावर पेपर लिहिला. एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलं, की लक्षाचा काही भाग पहिल्या कामातच अडकून राहतो आणि दुसरं काम खराब होतं. ग्लोरिया मार्क या प्राध्यापिका बरीच वर्षं लोक स्क्रीनवर काम करताना मोजमाप घेतायत. २००४ च्या सुमारास माणूस एका स्क्रीनवर सरासरी अडीच मिनिटं टिकायचा. अलीकडच्या मोजमापात तो आकडा ४७ सेकंदांवर आलाय.

तर घरच्या ग्रुपवरचा एक मेसेज वाचायला दहा सेकंद लागतात हे खरं. पण त्यात आत्याने विचारलं असेल, ‘काय गं, निकाल कधी?’ तर पुढची वीस मिनिटं पुस्तक उघडं आणि डोकं आत्याकडे! हे वीस मिनिटं स्क्रीन टाइममध्ये दिसत नाहीत. आणि राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झालीये. तीन तास सलग लिहायचं. ज्याला ४७ सेकंदांची सवय लागलीये त्याचं तिथे अवघड आहे.

मग करायचं काय? माझ्या मते एकच तत्त्व धरा. वाईट सवयीच्या रस्त्यात खड्डे करा, चांगलीच्या रस्त्यातले बुजवा. आपण ज्या ज्या ठिकाणी विचार न करता अंगठा फिरवतो, तिथे दहा-पंधरा सेकंदांचा अडथळा घालायचा. ते हरवलेलं ‘पुढचं पान’ बटण आपणच परत बसवायचं.

तिच्या बाबतीत हे असं. टेलिग्रामवरच्या पीडीएफ रात्रीच डाउनलोड करायच्या आणि महत्त्वाच्या थेट झेरॉक्सच्या दुकानातून काढून आणायच्या. पेठेत दर दहा पावलांवर दुकान आहे. लेक्चरही आदल्या रात्री ऑफलाइन सेव्ह करायचं, म्हणजे दिवसा नेट चालू करायचं कारणच उरत नाही. इन्स्टाग्राम डिलीट करायची गरज नाही. दर वेळी लॉग आउट करायचं आणि पासवर्ड फोनमध्ये सेव्ह ठेवायचा नाही. पासवर्ड टाइप करताना निम्म्या वेळा आपल्यालाच कळतं की आपल्याला काही बघायचं नव्हतं. नोटिफिकेशन फक्त कॉलची चालू. घरी सांगून ठेवायचं की महत्त्वाचं असेल तर फोन करा, मेसेज मी दुपारी दीडला आणि रात्री दहाला बघते.

ॲप टायमरबद्दल बरेच जण विचारतात. चांगला आहे, पण आयफोनवर वेळ संपली की ‘आजच्या दिवसापुरतं दुर्लक्ष करा’ असाही पर्याय समोर येतो. म्हणजे कुलूप आहे आणि किल्ली त्यालाच लटकवलेली. त्याचा पासकोड रूममेटला ठरवू द्या, मग उपयोग होतो.

आणखी एक. ‘उद्यापासून फोन कमी वापरेन’ हा संकल्प मेंदूला कळतच नाही. पीटर गोलवित्झर या मानसशास्त्रज्ञाने दाखवलं की ‘अमुक झालं, तर मी तमुक करेन’ असं नेमकं ठरवलं की ते पाळलं जाण्याची शक्यता वाढते. उदाहरणार्थ, ‘प्रश्न अडला आणि हात फोनकडे गेला, तर मी आधी उठून पाणी पिऊन येईन.’ ऐकायला बालिश वाटतं. करून बघा.

आणि ते २१ दिवसांचं सोडून द्या. १९६० मध्ये मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनने पुस्तकात लिहिलं होतं की रुग्णांना नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान २१ दिवस लागतात. तिथून तो आकडा फिरत फिरत आपल्या स्टेटसवर आला. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये ९६ लोकांवर अभ्यास केला, तेव्हा सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. त्यातली माझी आवडती गोष्ट म्हणजे मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसा फरक पडला नाही. बावीसाव्या दिवशी रील बघितली म्हणून आधीचे एकवीस वाया जात नाहीत.

एक सांगायचं राहिलं. रात्री जेवताना मैत्रिणींबरोबर तासभर गप्पा मारणं, रविवारी पर्वतीवर जाणं, हे मी वाया गेलेल्या वेळात धरत नाही. तीसुद्धा धरू नको. पहाटे चारला उठून बर्फाच्या पाण्याने अंघोळ करणाऱ्यांचे व्हिडिओ मात्र बिनधास्त त्यात धर, ते बघण्यातच सगळ्यात जास्त वेळ जातो!

तिला मी पहिल्या आठवड्यासाठी एवढंच सुचवलंय: सकाळी आठ ते अकरा, फोन अभ्यासिकेच्या बाहेर लॉकरमध्ये, टेबलावर झेरॉक्स आणि वही. बाकीचे अकरा तास जसे जातील तसे जाऊ देत. तिने आकडे पाठवले की तिची परवानगी घेऊन पुढच्या एपिसोडमध्ये सांगेन. तुमचेही पाठवा, पण व्हॉइस नोट दोन मिनिटांच्या आत बसवा रे, मागच्या वेळी एकाने अकरा मिनिटांची पाठवली होती.